मालक बदलला की आधी कोण जाते

आकाशनिरीक्षणाची आवड असलेल्या हौशी मंडळींचा एक गट मी सुमारे सहा वर्षे सांभाळला. तो एका समाजमाध्यमावर होता. सदस्यसंख्या काही हजारांची, पण नियमाने लिहिणारी माणसे जेमतेम साठ-सत्तर. मॉडरेटर म्हणून माझे काम इतरांना क्वचितच दिसे. सूर्यास्तानंतर पश्चिमेला शुक्र ठळक दिसू लागला की नवे सदस्य एकामागून एक तोच प्रश्न विचारत, की एवढे तेजस्वी हे काय दिसते आहे. कोणी जुना जाणकार शांतपणे उत्तर देई, आणि कोणी खवचटपणे लिहिलेच, तर मी त्याला खाजगीत चार शब्द सांगून ते मागे घ्यायला लावत असे. दुर्बिणींच्या खोट्या जाहिराती काढून टाकणे, दुसऱ्याचे छायाचित्र आपल्या नावावर खपवणाऱ्याला समज देणे, एखादे भांडण हाताबाहेर जाण्याआधी ती चर्चा दोन दिवस थांबवणे, असे ते काम होते.

२०१९च्या अखेरीस मृग नक्षत्रातला काक्षी हा तांबडा तारा मंद होऊ लागला तेव्हा आमचा गट सर्वांत जिवंत होता. फेब्रुवारी २०२०पर्यंत रोज रात्री वीस-पंचवीस जण नुसत्या डोळ्यांनी काक्षीची तुलना रोहिणीशी करून तेजस्वितेचा अंदाज लिहीत, आणि त्या सगळ्यांच्या नोंदी जुळवून पाहण्याचे काम एक निवृत्त गृहस्थ करीत असत. रूपविकारी तारे, म्हणजे ज्यांची तेजस्विता बदलत राहते असे तारे, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता आणि दर पंधरवड्याला ते त्यावर एक दीर्घ टिपण लिहीत.

पुढे त्या माध्यमाची मालकी बदलली. पहिले तीन महिने काहीच वेगळे जाणवले नाही. मग वेळेच्या क्रमाने येणारे लेखन बंद झाले आणि कोणी काय पाहावे हे अल्गोरिदम ठरवू लागला. आमच्या सदस्यांपुढे आमचेच लेखन चार-चार दिवस उशिरा येऊ लागले, जे आकाशातल्या घटनांच्या बाबतीत न येण्यासारखेच आहे. खोट्या जाहिरातींची तक्रार केली की यंत्राचे ठरावीक उत्तर येई. पूर्वी अडचण आली की ज्या कर्मचाऱ्याला लिहिता येत असे, ती व्यक्ती नोकरीत राहिली नव्हती. अशा दिवसांत त्या गृहस्थांचे पंधरवड्याचे टिपण एकदा आले नाही, मग पुन्हा आले नाही. त्यांनी निरोप घेतला नाही की तक्रारही केली नाही. वर्षभराने मी आकडे पाहिले तेव्हा गटाची सदस्यसंख्या कमी झालेली नव्हती, उलट थोडी वाढली होती. मात्र वाचण्यासारखे असे काही तेथे उरले नव्हते.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा पाठपुरावा करते आहे, आणि इतर माध्यमांचा इतिहास वाचताना माझे एक मत हळूहळू पक्के झाले आहे. समाजमाध्यमाचे आकर्षण त्याच्या सोयींत फारसे नसते. ते तेथे लिहिणाऱ्या थोड्या माणसांत असते, आणि नियम किंवा मालक बदलला की सर्वांत आधी हीच थोडी माणसे जातात. वाचणारे पुष्कळ असतात, ते सवयीने येत राहतात, म्हणून झालेली हानी सदस्यसंख्येत बराच काळ दिसत नाही.

विकत घेणाऱ्याला नेमके काय मिळते, हे पाहिले म्हणजे या हानीची किंमत थोडीफार कळते. रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज कॉर्प या कंपनीने २००५ मध्ये मायस्पेस ५८ कोटी डॉलरना घेतले, आणि २०११ मध्ये ते सुमारे साडेतीन कोटी डॉलरना विकले. याहूने २०१३ मध्ये टंबलरसाठी १.१ अब्ज डॉलर मोजले; मधल्या काळात याहूच व्हेरायझनकडे गेली आणि २०१९ मध्ये टंबलर ऑटोमॅटिक या कंपनीला विकले गेले, तेव्हाची रक्कम तीस लाख डॉलरहूनही कमी असल्याच्या बातम्या आल्या. या पडझडीला स्पर्धेसारखी इतर कारणेही होती, हे खरे. तरीही सर्व्हर, संगणकप्रणाली, नाव, जाहिरातदारांशी झालेले करार आणि खात्यांची यादी एवढेच विक्रीपत्रात लिहिता येते. दर पंधरवड्याला टिपण लिहिण्याची एखाद्याची सवय त्यात लिहिता येत नाही, आणि नव्या मालकाने पैसे मात्र बहुतांशी तिच्यासाठीच मोजलेले असतात.

टंबलरचे उदाहरण मला अधिक तपशिलात पाहावेसे वाटते, कारण तेथे मालकाची बाजूही पूर्णपणे चुकीची नव्हती. नोव्हेंबर २०१८ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे तेथे आढळल्यामुळे टंबलरचे ॲप ॲपलच्या ॲप स्टोअरवरून काढले गेले. अशा मजकुरावर तातडीने कारवाई व्हायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत असू शकत नाही. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने घोषणा केली ती सर्वच प्रौढ मजकुरावर बंदीची, आणि १७ डिसेंबरपासून ती लागू केली. चित्रे ओळखण्याचे काम मुख्यतः यंत्राकडे दिले गेले आणि त्या यंत्राने कितीतरी निरुपद्रवी चित्रांवरही आक्षेपार्ह असल्याची खूण केली. अनेक चित्रकार आणि लैंगिक अल्पसंख्याक समूहांतील माणसे वर्षानुवर्षे तेथे राहत होती. त्यांच्या दृष्टीने दोन आठवड्यांच्या सूचनेने घर रिकामे करायला सांगितले गेले. गुन्हा करणारा आणि शेजारी राहणारा यांत फरक करण्यासाठी माणसे लागतात, वेळ लागतो, त्या त्या समूहाची ओळख लागते. हे तिन्ही खर्चिक असते, आणि मालकी हातोहात फिरत असताना या खर्चाची जबाबदारी घ्यायला कोणीच पुढे येत नाही.

असाच प्रकार त्याआधी अकरा वर्षे लाइव्हजर्नल या ब्लॉग लिहिण्याच्या माध्यमावर घडला होता. १९९९ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक या विद्यार्थ्याने ते सुरू केले आणि २००५च्या आरंभी सिक्स अपार्ट या कंपनीला विकले. मे २००७ मध्ये बाहेरच्या एका गटाच्या तक्रारीवरून कंपनीने शेकडो खाती एका झटक्यात बंद केली. खात्यावर आवडीचे विषय म्हणून जे शब्द नोंदवलेले असत, त्यांवरून ती निवडली गेली होती. त्यामुळे अत्याचारातून सावरणाऱ्यांना आधार देणारे गट आणि साहित्यचर्चा करणारे गटही त्यांत सापडले. कंपनीने माफी मागितली, बरीच खाती परत चालू केली. पण वर्ष संपण्याआधीच लाइव्हजर्नल पुन्हा विकले गेले, या वेळी सुप नावाच्या रशियन कंपनीला. या घटनेची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी बाजू पुढची आहे. चाहत्यांनी लिहिलेल्या कथा जपणाऱ्या मंडळींनी त्याच वर्षी ठरवले, की आपले लेखन ज्या सर्व्हरवर राहते ते सर्व्हरच आपल्या मालकीचे असले पाहिजेत. त्यांनी एक ना-नफा संस्था स्थापन केली, आणि तिने उभारलेला आर्काइव्ह ऑफ अवर ओन हा संग्रह २००९ पासून देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या कामावर चालू आहे. लिहिणारी माणसे निघून गेली ती अशी, आपला सगळा समाज बरोबर घेऊन.

कडक नियम म्हणजे वाईट आणि सैल नियम म्हणजे चांगले, किंवा याच्या उलट, असा वाद नेहमी घातला जातो. मला तो मुळातच फसवा वाटतो. रेडिटने जून २०१५ मध्ये लठ्ठ माणसांची छळवणूक करणारा एक मोठा गट बंद केला, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी कृष्णवर्णीयांविरुद्ध द्वेष पसरवणारा एक गटही बंद केला. तेथे काय झाले याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गटांतली बरीच खाती रेडिट सोडून गेली, आणि जी राहिली त्यांच्या लेखनातली द्वेषाची भाषा किमान ८० टक्क्यांनी घटली, असे त्या संशोधकांना आढळले. ज्या इतर गटांत ही मंडळी गेली, तेथेही द्वेषाचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. म्हणजे कडक निर्णयामुळे ती जागा इतरांसाठी राहण्याजोगी झाली. दुसऱ्या टोकाला फेसबुकचे म्यानमारमधले अपयश आहे. तेथे लाखो माणसांसाठी फेसबुक हेच इंटरनेट होऊन बसले होते, आणि बर्मी भाषा जाणणारे देखरेख करणारे मात्र काही वर्षे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. रोहिंग्यांविरुद्धच्या हिंसेला खतपाणी घालण्यासाठी आपल्या माध्यमाचा वापर होऊ नये म्हणून आपण पुरेसे प्रयत्न केले नाहीत, हे कंपनीने नोव्हेंबर २०१८ मध्ये मान्य केले. जी भाषा वाचताच येत नाही त्या भाषेतल्या नियमांना कडक किंवा सैल म्हणण्यात काही अर्थ राहत नाही.

ट्विटरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तरी तिच्यातले दोन-तीन धागे वेगळे करून पाहिले पाहिजेत. २७ ऑक्टोबर २०२२ रोजी इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर ताब्यात घेतले. या व्यवहारात सुमारे १३ अब्ज डॉलरचे कर्ज कंपनीच्याच माथी आले, आणि आठवडाभरात साडेसात हजारांच्या आसपास असलेल्या कर्मचाऱ्यांपैकी निम्म्यांना काढले गेले. व्याज भरायचे असते तेव्हा मजकुरावर देखरेख करणारा विभाग हिशेबात केवळ खर्च म्हणून दिसतो, कारण त्याने थांबवलेली हानी जमेच्या बाजूला कधीच लिहिली जात नाही. डिसेंबरमध्ये बाहेरच्या तज्ज्ञांची सल्लागार परिषदही विसर्जित झाली. नेमक्या याच गोष्टी पाहून अनेक जाहिरातदारांनी हात आखडता घेतला, म्हणजे ज्या उत्पन्नातून कर्ज फेडायचे तेच घटले.

माझ्या मते सर्वांत खोल घाव ब्लू टिकच्या विक्रीने घातला. ही खूण २००९ मध्ये आली ती प्रसिद्ध व्यक्तींच्या नावाने चालणाऱ्या तोतया खात्यांना आळा घालण्यासाठी, आणि तिचा अर्थ एवढाच होता, की लिहिणारी व्यक्ती खरोखरच तीच आहे. ती मानाची खूण होऊन बसली आणि तिच्या वाटपात मनमानी होती, ही टीका रास्त होती. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये महिना आठ डॉलर भरणाऱ्या कोणालाही ती मिळू लागली आणि काही तासांतच तोतयांचा सुळसुळाट झाला. एली लिली या औषध कंपनीच्या नावाच्या अशाच एका खात्याने इन्शुलिन आता मोफत मिळेल असे जाहीर केले, आणि खऱ्या कंपनीला माफी मागून खुलासा करावा लागला. ती योजना तेव्हा थांबवून पुढच्या महिन्यात पुन्हा आणली गेली, आणि एप्रिल २०२३ मध्ये जुन्या खुणा काढून टाकल्या गेल्या. दरम्यान पैसे भरणाऱ्यांचे प्रतिसाद इतरांच्या वर दिसू लागले. एखाद्या शास्त्रज्ञाने काही लिहिले तर त्याखाली आधी दुसरे शास्त्रज्ञ काय म्हणतात ते वाचायला मिळे, आणि ते वाचण्यासाठीच माझ्यासारखी माणसे तेथे जात असत; आता आधी पैसे भरलेल्या अनोळखी माणसांची रांग ओलांडावी लागू लागली. संभाषणाचा क्रम हीसुद्धा देखरेखच असते.

याच काळात जानेवारी २०२३ मध्ये इतरांनी बनवलेली ट्विटरची ॲप अचानक बंद पाडली गेली, आणि पुढे एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या प्रणालींना माध्यमाशी जोडून घेण्याच्या सोयीसाठी, मोठी रक्कम आकारली जाऊ लागली. न्यू यॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक यंत्रणेने एप्रिलअखेर तेथे गाड्यांच्या सूचना देणे थांबवले; सार्वजनिक सेवांना पुन्हा मोफत सुविधा दिल्यावर काही दिवसांनी त्या परत सुरू झाल्या. जुलैमध्ये तर पैसे न भरणाऱ्यांनी दिवसाला किती नोंदी वाचायच्या यावरच मर्यादा आली, आरंभी ६००ची. त्याच महिन्यात नावही बदलून एक्स झाले. यांतला प्रत्येक निर्णय स्वतंत्रपणे सहन करण्याजोगा असेल. पण उद्या सकाळी येथे काय बदललेले असेल याची शाश्वती गेली की आपले वर्षभराचे काम तेथे ठेवायला जाणती माणसे कचरतात.

एका गोष्टीचे श्रेय मात्र दिले पाहिजे. वाचकांनीच चुकीच्या नोंदीखाली खुलासा जोडण्याची कम्युनिटी नोट्स ही पद्धत मला विचारपूर्वक घडवलेली वाटते. ती बर्डवॉच या नावाने जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे जुन्या व्यवस्थापनाच्या काळात सुरू झाली आणि नव्या मालकाने ती वाढवली. एरवी ज्यांची मते जुळत नाहीत अशा दोन्ही बाजूंच्या माणसांना उपयुक्त वाटला तरच तो खुलासा सर्वांना दिसतो, ही तिची कल्पना उत्तम आहे. अडचण वेळेची आहे, कारण सहमती होईपर्यंत खोटी नोंद दूरवर पोहोचलेली असते, आणि तीव्र मतभेदाच्या विषयांवर सहमती होतच नाही. जानेवारी २०२५ मध्ये मेटाने, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीने, अमेरिकेत तथ्य-तपासणाऱ्या संस्थांशी असलेली व्यवस्था संपवून हीच पद्धत स्वीकारण्याचे जाहीर केले तेव्हा मला काळजी वाटली ती यामुळेच. या पद्धतीला देखरेखीच्या जोडीला उभे करणे वेगळे आणि देखरेखीच्या जागी बसवणे वेगळे.

माणसे जातात म्हणजे नेमकी कोठे जातात, हा प्रश्न याला लागूनच येतो. ऑयगेन रोच्को यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या मॅस्टोडॉनवर एक मालक नाही. हजारो स्वतंत्र सर्व्हर एकमेकांशी जोडलेले आहेत, प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत आणि एखाद्या सर्व्हरवर उपद्रव वाढला तर इतर सर्व्हर त्याच्याशी संबंध तोडू शकतात. मला हे तत्त्व फार आवडते, पण सर्व्हरचा खर्च आणि रोजची कटकट बहुधा एका-दोघा स्वयंसेवकांच्या खांद्यावर पडते, आणि तो थकला की सगळा गट उघड्यावर येतो. मेटाचे थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आले आणि इन्स्टाग्रामच्या आयत्या खात्यांमुळे पाच दिवसांत दहा कोटींवर पोहोचले. ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि त्या वर्षीच्या अमेरिकी निवडणुकीनंतर दोन कोटींचा टप्पा ओलांडून गेले. तेथे आपल्याला कोणते फीड, म्हणजे समोर येणाऱ्या लेखनाचा कोणता प्रवाह, हवे आणि कोणाची देखरेख मान्य आहे हे वापरणाऱ्याला निवडता येते. खगोलशास्त्राची फीड तर तेथे खगोलशास्त्रज्ञांनीच उभारली आहेत. तरीही पांगापांग झालीच. ज्यांना मी एका पानावर वाचत असे ती माणसे आता तीन ठिकाणी आहेत, आणि काही कोठेच नाहीत.

रेडिटचे २०२३ माझ्या मताविरुद्ध जाते, हे मान्य केले पाहिजे. एपीआयच्या नव्या दरांमुळे अपोलोसारखी, इतरांनी बनवलेली लोकप्रिय ॲप बंद पडणार हे कळल्यावर १२ जूनपासून आठ हजारांहून अधिक गटांनी आपली दारे बंद केली. कंपनीने माघार घेतली नाही, गट उघडले नाहीत तर मॉडरेटर बदलण्याचा इशारा दिला, आणि मार्च २०२४ मध्ये तिचे समभाग न्यू यॉर्कच्या बाजारात आलेही. रेडिट टिकले, कारण तेथल्या माणसांना एकत्र जाता येईल अशी दुसरी तयार जागा नव्हती, आणि वर्षानुवर्षांची उत्तरे तेथे साठलेली होती. याच्या उलट, फ्रीनोड या संभाषणजालाच्या ताब्यावरून मे २०२१ मध्ये वाद झाला तेव्हा ते चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी मिळून राजीनामे दिले आणि १९ मे रोजी लिबेरा चॅट हे नवे जाल उघडले. मुक्त सॉफ्टवेअरचे अनेक प्रकल्प काही आठवड्यांत त्यांच्यामागे गेले. सांभाळणारे एकत्र उठले तर जागा रिकामी होते. ते एकेक करून थकत गेले, तर जागा भरलेली दिसत राहते, आमच्या गटासारखी.

जुन्या लेखनाचे दुःख वेगळेच आहे. मायस्पेसने २०१९ मध्ये मान्य केले, की सर्व्हर हलवताना तेथे बारा वर्षांत चढवलेले संगीत नाहीसे झाले आहे. होतकरू कलावंतांची कोट्यवधी गाणी त्यात गेली. आमच्या काक्षीच्या नोंदी पुसलेल्या नाहीत, पण जुने लेखन शोधण्याची सोय नव्या व्यवस्थापनाने इतकी मोडकी करून ठेवली, की जानेवारी २०२०च्या एका रात्री कोणी काय लिहिले ते मला आता सापडत नाही. त्या गृहस्थांनी सगळ्या नोंदी हाताने वहीत उतरवून घेतल्या होत्या, हे मला नंतर कळले.

गेल्या वर्षी आम्ही चाळीस जणांनी दुसरीकडे नवा गट सुरू केला. पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लिहून ठेवल्या: खर्च कोण करतो, किल्ल्या कोणाकडे आहेत, आणि मी उद्या हे काम सोडले तर त्या कोणाकडे जातील. सगळ्या नोंदींची प्रत दर महिन्याला आणखी दोघांकडे जाते. त्या गृहस्थांना मी स्वतः पत्र लिहून बोलावले. येण्याआधी त्यांनी या तीन गोष्टींबद्दल बारीक चौकशी केली आणि किल्ली दोघांकडे नको, तिघांकडे असावी, अशी दुरुस्ती सुचवली. ती आम्ही केली. मागच्या पंधरवड्यात त्यांचे तिमिंगल समूहातल्या मीरा या ताऱ्यावरचे टिपण आले, सुमारे ३३२ दिवसांच्या तिच्या आवर्तनाविषयी, आणि शेवटी त्यांनी विचारले होते की पुढच्या वेळी ती डोळ्यांना प्रथम कोणाला दिसते ते सर्वांनी तारखेनिशी लिहावे. नऊ जणांनी आपली नावे नोंदवली आहेत.